लोखंडाची वाफ

मृग नक्षत्र तोंडावर आले की बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर अशा बाजारगावांच्या वेशीवर जी वेल्डिंगची दुकाने आहेत, त्यांना दिवस अपुरा पडू लागतो; कोणाच्या ट्रॉलीचा आकडा तुटलेला असतो, कोणाच्या वखराची पास झिजलेली असते, कोणाला पेरणीयंत्राचा एखादा फण सरळ करून हवा असतो, आणि पाऊस पडण्याच्या आत हे सारे उरकले पाहिजे असा प्रत्येकाचा तगादा असतो. गेल्या ज्येष्ठात अशाच एका दुकानासमोर, माझ्या जुन्या दुचाकीचा तुटलेला स्टँड जोडून घेण्यासाठी, मला तासभर तिष्ठत बसावे लागले, आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत, आजवर शेकडो वेळा नजरेखालून गेलेली एक गोष्ट मी प्रथमच सावकाश न्याहाळली.

दुकान म्हणजे चार खांबांवर टाकलेली पत्र्याची शेड. चाळिशीतला कारागीर उकिडवा बसून ट्रॉलीच्या फाळक्याला कोनपट्टी जोडीत होता. उजव्या हातात होल्डर, त्यात रॉड. डाव्या हातात काळी काच बसवलेली ढाल. नाकातोंडावरून गुंडाळलेला दुपट्टा. कोनपट्टी धरून ठेवायला सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्याजवळ काच नव्हती, म्हणून ठिणगी पडण्याच्या क्षणी तो मान तेवढी वळवी. रॉड लोखंडाला टेकला की करकर असा आवाज होई, डोळे दिपवणारा निळसर उजेड पडे, आणि त्या उजेडाच्या मुळातून धुराची एक फिकट वेणी सरळ वर चढे. ती ढालीच्या खालच्या कडेशी अडे, तेथे दुभंगे, आणि कारागिराच्या हनुवटीला वळसा घालून त्याचा चेहरा व काच यांच्या मधल्या अरुंद जागेत शिरे. ज्या ढालीने डोळे राखले जात होते, तीच ढाल धूर नाकाशी कोंडून धरीत होती.

त्या काचेविषयी मी विचारले तेव्हा त्याचे उत्तर तयार होते. काच नसली तर "डोये रातभर झोपू देत नाही, भाऊ." ही वेदना या धंद्यात पडलेल्या प्रत्येकाने उमेदवारीच्या पहिल्या महिन्यात एकदा तरी भोगलेली असते. विजेच्या कमानीतून, म्हणजे या व्यवसायातील माणसे जिला आर्क म्हणतात तिच्यातून, जे अतिनील किरण बाहेर पडतात त्यांनी बुबुळावरील पारदर्शक पडद्याची वरची त्वचा भाजते. त्या वेळी काही कळत नाही, परंतु सहा-आठ तासांनी, बहुधा ऐन मध्यरात्री, डोळ्यांत मूठभर वाळू टाकावी तशी खुपखुप सुरू होते, पाणी थांबत नाही, दिवा सोसवत नाही. घरची मंडळी बटाट्याच्या चकत्या ठेवतात, कोणी दुधाच्या घड्या ठेवतात, आणि एक-दोन दिवसांत ती त्वचा आपोआप भरून येते, त्याचे श्रेय बटाट्याला मिळते. पण या रात्रीचा धाक असा जबर असतो की कोणत्याही सरकारी फर्मानावाचून काळ्या काचेने या धंद्यात आपले आसन पक्के केले आहे. फुप्फुसांना असे ओरडता येत नाही. त्यांची तक्रार वीस-वीस वर्षे दाखल होत नाही, आणि म्हणून त्यांच्या वाट्याला जुन्या दुपट्ट्याचे एक टोक तेवढे आले आहे.

आमच्या गावगाड्यात लोहार हा बारा बलुतेदारांतला एक. त्याच्या भट्टीत धूर नव्हता असे नाही, कोळशाचा धूर भरपूर होता. परंतु भात्याने फुंकलेल्या त्या विस्तवात लोखंड हजार-अकराशे अंशांपर्यंत तापून लालपिवळे, मऊ होई, आणि ऐरणीवर घणाखाली आकार घेई, एवढेच. त्याचा रस होत नसे, मग वाफ होण्याची गोष्ट दूरच. लोखंड वितळते ते सुमारे १,५४० अंश सेल्सियसला आणि उकळते ते २,८५० अंशांच्या वर. विजेची कमान पाच-सहा हजार अंशांच्या घरात जाते; सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण साडेपाच हजार अंश मानतात, यावरून खामगाव-चिखली रस्त्याच्या कडेला, फाटक्या चपलेच्या पुढ्यात, तो कारागीर काय पेटवून बसला होता याची कल्पना यावी. पाणी उकळले की वाफ होते हे आपण चुलीवर रोज पाहतो. लोखंड उकळले की त्याचीही वाफ होते, मात्र हवेत येताच ती क्षणार्धात थिजते, प्राणवायूशी संयोग पावते, आणि तिचे अत्यंत बारीक कण बनतात. ज्याला आपण वेल्डिंगचा धूर म्हणतो तो जळणाऱ्या वस्तूचा धूर फारसा नसतोच. तो बव्हंशी थिजलेल्या धातूचा आणि रॉडवरील लेपाचा धुरळा असतो.

हे कण किती बारीक? माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली तर यांतले बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान असतात. नाकातले केस, घशातला कफ, श्वासनलिकेतली लव, असे जे पहारेकरी निसर्गाने धुळीच्या बंदोबस्तासाठी नेमले आहेत, त्यांच्या हातावर तुरी देऊन ते थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. सुती दुपट्ट्याच्या विणीतून ते जातात ते कोळणीच्या जाळ्यातून पाणी जावे तसे. आणखी एक गोष्ट मला स्वतःला नवी होती: हा धूर जोडल्या जाणाऱ्या लोखंडातून थोडा आणि रॉडमधून फार निघतो, जवळजवळ नव्वद टक्के. ऑस्कर शेलबेरी या स्वीडिश अभियंत्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, जोड हवेपासून राखला जावा म्हणून, रॉडला लेप देण्याची युक्ती काढली. त्या लेपात चुनखडी, टायटॅनियमचे खनिज, फ्लोराइडयुक्त खनिजे, सिलिकेट आणि मँगनीज असे नाना पदार्थ असतात. जोडावर कीट जमते आणि हातोडीच्या दोन टोल्यांत उडवून देता येते, ते याच लेपाचे. उरलेला भाग कारागिराच्या छातीत जमा होतो.

साध्या लोखंडाचे एक वेळ ठीक, पण जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा पाइप समोर आला की गोष्ट निराळी होते. पूर्णेच्या खोऱ्यातील आमच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या बाजूला, खाऱ्या पाण्याने साधे लोखंड लवकर गंजते, म्हणून लोक जीआय पाइपाला पसंती देतात यात नवल नाही. कांदाचाळ, गोठा, अंगणातला मांडव, विहिरीचे नळ, सगळीकडे हाच चकचकीत पाइप. आता जस्त उकळते अवघ्या ९०७ अंशांना, म्हणजे लोखंड वितळण्याच्याही कितीतरी आधी. आर्क लागताच मुलामा पांढऱ्या धुराचे लोट होऊन उडतो, आजूबाजूला कापसाच्या पेळूसारखी पांढरी भुरी बसते, तोंडाला गोडसर, धातूची चव येते. दिवसभर काही होत नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर, चार ते बारा तासांच्या अंतराने, घसा कोरडा पडतो, हुडहुडी भरते, दोन गोधड्या पुरत नाहीत, अंग मोडून येते, ताप चढतो, मग दरदरून घाम सुटतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस जणू काही झालेच नव्हते अशा थाटात पुन्हा कामावर हजर. ही सारी लक्षणे हिवतापाची म्हणून आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ आहेत. तेव्हा जवळच्या दवाखान्यात त्यावर हिवतापाच्या गोळ्या मिळाल्या आणि ताप उतरला, तर रोगी, वैद्य आणि औषध तिघेही आपापल्या जागी समाधानी राहतात. प्रत्यक्षात तो धातुज्वर असतो, आणि गोळी न घेताही तो तितक्याच वेळात उतरला असता.

या ज्वराची एक खोड मोठी चमत्कारिक आहे. रोज धूर घेणाऱ्या माणसाला तो दोन-चार दिवसांत सोसू लागतो. सुटीचा एक दिवस गेला की ही सहनशक्ती ओसरते, आणि पुन्हा कामावर गेल्याच्या पहिल्या संध्याकाळी ताप हटकून येतो. पितळेच्या भट्ट्यांवर काम करणारे युरोपातील मजूर म्हणूनच त्याला सोमवारचा ताप म्हणत. सहनशक्ती आली म्हणजे धूर पचला, असे मात्र नव्हे.

यावर धंद्यातला रामबाण उपाय म्हणजे गूळ. कारखान्यांतून तो वाटलाही जातो, आणि आमच्या या कारागिराच्या फळीवर, रॉडच्या पुड्याशेजारी, कागदात बांधलेला खडा होताच. या समजुतीची मी थट्टा करणार नाही, कारण लखनौच्या औद्योगिक विषशास्त्र संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये उंदरांवर प्रयोग करून, कोळशाची व सिलिकाची धूळ फुप्फुसातून बाहेर काढण्यास गुळाचे साहाय्य होते असा निष्कर्ष काढलेला आहे. परंतु उंदरांच्या फुप्फुसातील दगडी धुळीचा दाखला मनुष्याच्या छातीतील जस्ताच्या, मँगनीजच्या वा क्रोमियमच्या वाफेला लावता येत नाही, आणि आर्कभोवती जो ओझोन व नायट्रोजनचे प्रक्षोभक वायू तयार होतात त्यांना तर गुळाची काही मातब्बरी नाही. गूळ खावा, तो गोड लागतो म्हणून.

धातुज्वराचा एक सोंगाड्या भाऊ आहे, आणि तो मात्र जीव घेऊ शकतो. खामगावची ख्याती दोन जिनसांवर उभी आहे: १८७० मध्ये जलंबपासून रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी, आणि रजतनगरी हे बिरुद मिळाले ते शुद्ध चांदीसाठी. सोन्याचांदीच्या पेढीवर बसलेल्या गिऱ्हाइकाने केडीएम हा शब्द वर्षानुवर्षे शुद्धतेच्या हमीसारखा ऐकला आहे. पण त्या तीन अक्षरांच्या मागे दडलेला पदार्थ म्हणजे कॅडमियम. डाग चटकन वितळतो, सांध्यावर कमी शुद्धतेचा माल भरावा लागत नाही, म्हणून सोनार ते वापरीत. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते. फुंकणीच्या ज्योतीत त्याची वाफ झाली की आरंभी सगळे चित्र जस्ताच्या तापासारखेच, घसा, हुडहुडी, ताप. परंतु येथे तो दुसऱ्या दिवशी उतरत नाही, फुप्फुसात पाणी साचू लागते, आणि काही दिवसांत माणूस दगावू शकतो. थोडे थोडे गेले तर ते मूत्रपिंडात ठाण मांडते आणि निम्मे बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षे लागतात. हा डाग पुढे मागे पडला, पण चांदीच्या काही डागांत आणि मुलामा दिलेल्या जुन्या नट-बोल्टांत कॅडमियम अद्याप भेटते. भंगारातून आलेल्या रंगीत लोखंडाचेही तेच. जुन्या दारांना, पुलांच्या तुळयांना गंज लागू नये म्हणून शेंदूर फासत, आणि मारुतीच्या अंगावर निरुपद्रवी दिसणारा तो शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म. आजचे लाल प्रायमर बहुतेक गेरूच्या जातीचे असते, पण भंगार काही आपली जन्मपत्रिका बरोबर घेऊन येत नाही.

मँगनीज हे तर आमच्या विदर्भाचेच धन. नागपूर व भंडारा जिल्ह्यांत त्याच्या खाणी आहेत. लोखंडाच्या मानाने ते लवकर उकळते, त्यामुळे रॉडमध्ये त्याचे जे प्रमाण असते त्याहून धुरात ते अधिक उतरते. ग्लासगोच्या एका कारखान्यात मँगनीजची भुकटी दळणाऱ्या मजुरांचे पाय लटपटू लागले, चेहरे लाकडी झाले, असे जॉन कूपर या वैद्याने १८३७ मध्ये नोंदवले. कंपवाताच्या जवळपासचा हा विकार वेल्डरांत किती धुराने व किती वर्षांनी उद्भवतो, यावर तज्ज्ञांचा वाद अद्याप मिटलेला नाही. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत तसा वाद उरलेला नाही. अलीकडे तालुक्याच्या गावीही बंगल्याच्या जिन्याला, सज्जाला स्टीलचे कठडे बसवण्याची हौस आली आहे. त्या जोडांतून षट्संयुजी क्रोमियम आणि निकेल निघते, त्यांनी दमा जडतो आणि कर्करोगही होतो. लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगच्या धुराला पूर्वी नुसते संशयितांच्या यादीत ठेवले होते. मार्च २०१७ मध्ये सर्व पुरावा पुन्हा तपासून तिने त्याला, आणि आर्कच्या अतिनील किरणांनाही, माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातले. येथे क्रोमियम-निकेलची अट घातलेली नाही. साध्या लोखंडाचा धूरही त्यात आला. त्याच संस्थेच्या अंदाजाप्रमाणे जगात वेल्डर म्हणून ओळखले जाणारे सुमारे एक कोटी दहा लाख लोक आहेत, आणि या धुराच्या सान्निध्यात येणारे आणखी अकरा कोटी. कोनपट्टी धरणारा मुलगा या अकरा कोटींतला.

फुप्फुसात नुसते लोखंड साचले तर काय होते, हे डॉइग आणि मॅक्लॉक्लिन या दोन ब्रिटिश वैद्यांनी १९३६ मध्ये पाहिले. वेल्डरांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रांत त्यांना सर्वत्र बारीक ठिपके दिसले, परंतु त्या माणसांना फारसा त्रास नव्हता. ठिपके लोखंडाच्या गंजाचे होते, आणि काम सोडल्यावर ते काही वर्षांत पुसट होतात असेही पुढे आढळले. क्षयरोग ज्या देशात घरोघर परिचित आहे तेथे असे चित्र दिव्यासमोर धरणाऱ्या डॉक्टराला हा इतिहास ठाऊक असला तर रोग्याची सहा महिन्यांची औषधे वाचू शकतात. उलट, ताज्या धुराने फुप्फुसाची जंतूंशी झुंजण्याची ताकद खच्ची होते हेही खरे. वेल्डरांना न्यूमोनिया अधिक होतो व अधिक गंभीर होतो, म्हणून ब्रिटनमध्ये त्यांना त्याची लस देण्याची अधिकृत शिफारस आहे.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या जिल्ह्याचे नाव साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत झळकले. शेगाव तालुक्यातील आणि आसपासच्या गावांत अडीचशेहून अधिक माणसांचे केस अकस्मात, मूठ-मूठ गळून टक्कल पडू लागले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली, पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने गेले, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याचा संबंध रेशनच्या गव्हातील सेलेनियमशी जोडला. ही सगळी तत्परता योग्यच होती. परंतु मनात येते की टक्कल हे आरशात दिसते, छायाचित्रात येते, लग्न मोडते. म्हणून त्याची दखल दिल्लीपर्यंत गेली. दम लागून ट्रॉलीखालून उठायला ज्याला दोन वेळा थांबावे लागते, त्याचे छायाचित्र काढून काय दाखवणार?

कायद्याच्या दप्तरात त्याला जागा नाही असे म्हणता येत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात मँगनीजच्या विषबाधेसह अनेक व्यवसायजन्य रोगांची यादी होती, आणि कलम ८९ अन्वये असा रोगी आढळल्यास डॉक्टराने तो मुख्य कारखाना निरीक्षकाच्या कचेरीला कळवलाच पाहिजे असा दंडक होता. मात्र हा अधिनियम लागू व्हायचा तर विजेवर चालणाऱ्या जागी सामान्यतः दहा माणसे कामावर लागत. त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने तो आकडा वीसवर नेला. आमच्या शेडमध्ये माणसे दोन. मालक कारागीरच, आणि मजूर त्याचा भाचा.

पाडुआचा वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात वैद्याने रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर घातली: तुझा धंदा कोणता? आमच्या कारागिराला मी सहज विचारले की दवाखान्यात केसपेपर काढताना धंदा काय सांगता. त्याच्या नावे तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. "शेती," तो म्हणाला, आणि यात त्याला काही वावगे वाटले नाही. शेतकरी म्हणवून घेण्यात जी अब्रू आहे ती वेल्डर म्हणवून घेण्यात नाही.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले थोडे तरी फुकट आहे. जोडाच्या दोन्ही बाजूंनी दोन-तीन बोटे मुलामा घासून काढावा. टाकीत किंवा पिंपात शिरून आर्क लावू नये. बारीक कण अडवणारा घट्ट बसणारा मुखवटा वापरावा, कारण दुपट्ट्याचा उपयोग मानसिक आहे. आणि सगळ्यांत आधी, वारा आडवा घ्यावा, म्हणजे धुराची वेणी चेहऱ्याकडे न येता बाजूला झुकेल. २०१९ मध्ये ब्रिटनच्या कामगार सुरक्षा खात्याने तर साध्या लोखंडाच्या कामालाही धूर ओढून घेणारी नळी हवी असे फर्मावले, उघड्या दारावर विसंबू नका असे बजावले. आमच्याकडे निदान उघडे दार आहे, नव्हे, दारच नाही, असे मला वाटले, म्हणून मी वाऱ्याची गोष्ट त्या कारागिराला सांगितली. पश्चिमेचा वारा होता आणि तो त्याच्या पाठीकडून येत होता. अशा वेळी माणसाच्या अंगाच्या आडोशाला भोवरा होऊन धूर उलट तोंडाशी येतो. त्याने ढाल खाली केली, डोळे बारीक करून एकदा ट्रॉलीकडे, एकदा रस्त्यावर वळवून उभ्या केलेल्या ट्रॅक्टरकडे आणि त्याच्या उतावीळ मालकाकडे पाहिले.

"वारा कुठूनबी येवो भाऊ," तो म्हणाला, "ट्रॉली जिकडं तोंड करून हाय, तिकडंच बसा लागते."

मग त्याने भाच्याला कोनपट्टी जरा डावीकडे घ्यायला सांगितली, आणि नवा रॉड लावला.